दुबळा केलेला विषाणू आणि आपली मुले

(मंडळाच्या वार्षिक व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हांस आरोग्य आणि विज्ञान या विषयावर बोलण्यास सांगितले व नेमका विषय निवडण्याची मोकळीकही दिली, याबद्दल प्रथम आभार मानतो. विषय शोधण्यासाठी आम्हांला लांब जावे लागले नाही. लसीकरणाच्या दिवशी वस्तीत जो प्रश्न हमखास कानी येतो, तोच आम्ही घेतला. लोक विचारतात, “लशीत रोगाचाच जंतू असतो म्हणे. आणि आता तर त्या जंतूची जनुकेसुद्धा बदलतात. असला जंतू आमच्या लेकराच्या तोंडात का घालायचा?”

या प्रश्नाला “शास्त्रज्ञ सांगतात म्हणून” असे उत्तर देणे आम्हांला मान्य नाही. प्रश्न विचारणारी आई अडाणी नसते. तिचा प्रश्न बरोबर असतो, फक्त त्याचे पूर्ण उत्तर तिला कोणी देत नाही. ते आज देण्याचा प्रयत्न आम्ही करणार आहोत. त्यासाठी अनेक रोगांची नावे न घेता एकच रोग घेऊ. तो म्हणजे पोलिओ.

जंतू दुबळा करून त्याची लस बनवण्याची कल्पना नवी नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर बीसीजीच्या लशीचा व्रण आहे. फ्रान्समधील कालमेत आणि गेरँ या दोघांनी गुरांच्या क्षयाचा जंतू बटाटा, पित्त व ग्लिसरीन यांच्या खाद्यावर वाढवला. पुन्हा नव्या खाद्यावर घातला, पुन्हा वाढवला. असे १९०८ पासून १३ वर्षे, सुमारे २३० वेळा केले. अखेर जंतू इतका मवाळ झाला की जनावरांना त्यापासून क्षय होईना, आणि १९२१ मध्ये ती लस माणसाला देण्यात आली. या १३ वर्षांत त्या जंतूच्या जनुकांत नेमके काय बिघडले, हे मात्र ते दोघेही सांगू शकले नसते. जनुके कशाची बनलेली असतात हेच तेव्हा ठाऊक नव्हते. जंतूच्या जनुकांचा एक मोठा तुकडाच गळून पडला होता, हे कळायला १९९० चे दशक उजाडावे लागले. म्हणजे जनुके बदललेला जंतू आपण जवळजवळ शंभर वर्षे दंडात टोचून घेत आहोत. पूर्वी तो बदल आपोआप, आंधळेपणाने होई. आता तो जाणूनबुजून, मोजून करता येतो. आजच्या विषयाचे मूळ या फरकात आहे.

आता पोलिओकडे येऊ. पोलिओचा विषाणू तोंडावाटे पोटात जातो, आतड्यात वाढतो आणि विष्ठेवाटे बाहेर पडतो. दूषित पाणी, न धुतलेले हात, उघडी गटारे हे त्याचे रस्ते. लागण झालेल्या दोनशे मुलांपैकी साधारण एकाच्या मज्जातंतूंपर्यंत तो पोचतो व त्याचा हात किंवा पाय कायमचा लुळा पाडतो. बाकीच्यांना काही कळतही नाही, पण विषाणू मात्र त्यांच्याकडून पुढे जात राहतो. म्हणून एक मूल लुळे पडले की त्या परिसरात शेकडो मुलांच्या पोटातून विषाणू आधीच फिरून गेला आहे असे समजावे लागते. परळ येथील एन्टेरोव्हायरस संशोधन केंद्राने २००१ पासून मुंबईच्या सांडपाण्याचे नमुने तपासायला घेतले ते याच कारणाने. रोगी दिसण्याआधी गटार बोलते.

या रोगावर पहिली लस अमेरिकेतील योनास सॉल्क यांची. १९५५ मध्ये आलेली ही लस मेलेल्या विषाणूची, टोचून द्यायची. मेलेला विषाणू पुन्हा जिवंत होत नाही, तेव्हा हीच लस सर्वांत निर्धोक, असे कोणालाही वाटेल. पण त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील एका कंपनीच्या काही घाण्यांत विषाणू पुरता मेलाच नव्हता. सुमारे ४० हजार मुलांना सौम्य पोलिओ झाला, २०० जणांना लुळेपणा आला व १० दगावली. दोष कल्पनेचा नव्हता, तपासणीचा होता. हे उदाहरण ध्यानात ठेवावे, पुढे त्याची गरज लागेल. टोचायच्या लशीची दुसरीही मर्यादा आहे. ती त्या मुलाला लुळेपणापासून उत्तम वाचवते, पण आतड्यात विषाणू वाढण्यास फारसा अटकाव करीत नाही. म्हणजे ते मूल सुरक्षित राहते, तरी त्याच्याकडून शेजारच्या मुलाकडे विषाणू जाऊ शकतो.

आल्बर्ट सॅबिन यांनी दुसरा मार्ग धरला. विषाणू माकडांत व माकडाच्या पेशींत पुन्हा पुन्हा वाढवून त्यांनी असे वाण निवडले, जे आतड्यात वाढतात पण मज्जातंतूंना इजा करीत नाहीत. त्यांचे थेंब तोंडात टाकायचे. सुई नको, डॉक्टर नको. १९५९ मध्ये सोव्हिएत संघात लाखो मुलांना ते देऊन पाहण्यात आले व पुढे जगभर गेले. आपण ज्याला ‘पोलिओ डोस’ म्हणतो तो हाच. त्याने काय साधले ते आपल्याच देशात पाहा. २००९ मध्ये भारतात ७४१ मुलांना पोलिओ झाला, जगातील निम्म्याच्या आसपास रुग्ण एकट्या आपल्याकडे होते. २०१० मध्ये ही संख्या ४२ वर आली. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. घरोघर गेलेल्या अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, करंगळीवर शाईची खूण करणारी तरुण मुले, दारावर खडूने खुणा करणारे स्वयंसेवक, या सर्वांचे ते यश आहे.

पण थेंबाची एक दुखरी बाजू आहे, आणि ती लपवून ठेवल्यानेच अफवा माजतात असे आमचे मत आहे. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पोलिओच्या विषाणूची सारी जनुकीय लिपी सुमारे साडेसात हजार अक्षरांची आहे. आपल्या स्मरणिकेची तीन-चार पाने भरतील, एवढीच. ही लिपी पूर्ण वाचली गेली १९८१ मध्ये. म्हणजे सॅबिन यांच्या थेंबात काय बदलले आहे, ते थेंब देऊ लागल्यानंतर वीस वर्षांनी कळू लागले. विषाणूच्या तीन प्रकारांपैकी दुसऱ्या प्रकाराच्या थेंबाचे दुबळेपण मुख्यतः दोन अक्षरांवर उभे आहे असे आढळले. अवघी दोन! आता ज्याने कधी स्मरणिका छापून घेतली आहे, त्याला छापखाना ठाऊक असतोच. खिळे जुळवणारा चुका करतो आणि मुद्रितशोधक त्या पकडतो. पोलिओच्या विषाणूच्या छापखान्यात मुद्रितशोधक नाही. प्रत्येक नव्या प्रतीत एखादी चूक राहते, आणि एका मुलाच्या आतड्यात अब्जावधी प्रती निघतात. त्यांतल्या एखादीत ते बदललेले अक्षर पुन्हा मूळपदावर येते. ती प्रत इतरांपेक्षा जोमाने वाढते. दोनपैकी एक अक्षर तर थेंब दिल्यावर काही दिवसांतच परतते.

मग सगळीच मुले आजारी का पडत नाहीत? कारण एक-दोन अक्षरे परतल्याने विषाणू लगेच पूर्वीसारखा होत नाही, आणि तोवर त्या मुलाच्या शरीरात प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. थेंबामुळे लुळेपणा येण्याचे प्रमाण पहिल्या डोसाच्या सुमारे २७ लाख बालकांमागे एक, इतके विरळ आहे. ज्या घरात तो एक येतो त्या घराला हा हिशेब सांगून उपयोग नसतो, हे आम्ही जाणतो.

खरा धोका त्या पुढचा आहे. भोवतालच्या सर्व मुलांनी थेंब घेतले असतील तर बाहेर पडलेल्या विषाणूला जागा मिळत नाही व तो संपतो. पण ज्या वस्तीत निम्म्या मुलांनाच थेंब मिळाले आहेत, संडास नाहीत, पाण्याच्या नळाशेजारून गटार वाहते, तेथे तो एका मुलाच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात जात राहतो. वर्ष-दीड वर्ष असा फिरला की प्रत्येक पायरीला थोडी थोडी ताकद मिळवीत अखेर तो पुन्हा मूळ विषाणूइतकाच घातक होतो. २०००–०१ मध्ये हैती व डोमिनिकन प्रजासत्ताक या देशांत असा उद्रेक प्रथम स्पष्टपणे ओळखला गेला. त्यात लुळी पडली ती लस पूर्ण मिळालेली मुले नव्हेत. लस न मिळालेली, किंवा अर्धवट मिळालेली मुले लुळी पडली. बंधू-भगिनींनो, हे पुन्हा एकदा सांगावेसे वाटते. थेंबातला विषाणू बिघडतो तो जिथे थेंब पोचत नाहीत तिथेच, आणि त्याची किंमत मोजते ते ज्याच्या दारापर्यंत कोणी गेलेच नाही ते मूल.

दुसऱ्या प्रकाराच्या विषाणूने तर मोठाच पेच निर्माण केला. निसर्गातला हा विषाणू १९९९ मध्ये उत्तर प्रदेशातील अलीगढ येथे शेवटचा दिसला आणि सप्टेंबर २०१५ मध्ये तो जगातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. रोग गेला, पण थेंबातला त्याचा दुबळा भाऊ मात्र बिघडून उद्रेक करीत होता. म्हणून एप्रिल २०१६ मध्ये साऱ्या जगाने एकाच वेळी थेंबातून दुसरा प्रकार काढून टाकला. आपल्याकडेही तेव्हापासून पहिल्या व तिसऱ्या प्रकाराचेच थेंब दिले जातात व दुसऱ्यासाठी टोचायची लस आहे. हिशेब बरोबर होता, पण अंमल अपुरा पडला. बिघडलेला विषाणू काही देशांत आधीच फिरत होता, आणि २०१६ नंतर जन्मलेल्या बाळांच्या आतड्यांना त्याची ओळखच नव्हती. उद्रेक झाला की तो विझवायला पुन्हा तेच जुने थेंब द्यावे लागत, आणि त्यातूनच काही ठिकाणी पुढच्या उद्रेकाची ठिणगी पडे. २०२० या एका वर्षात या प्रकाराने जगात हजाराहून अधिक मुले लुळी पडली.

अशा वेळी काही शास्त्रज्ञांनी वेगळा विचार केला. विषाणू आपणच दुबळा केला आहे, त्याची लिपी आता वाचता येते, मग त्याला परत फिरताच येणार नाही असे लिहिता का येऊ नये? अमेरिकेतील राउल अँडिनो, ब्रिटनमधील अँड्र्यू मॅकॅडम व त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅबिन यांचाच दुसऱ्या प्रकाराचा विषाणू घेतला आणि त्याच्या लिपीत विचारपूर्वक बदल केले. विद्यार्थी मित्रांनी येथे थोडे लक्ष द्यावे.

विषाणूच्या लिपीच्या आरंभी एक भाग स्वतःवरच दुमडलेला असतो, त्यात अक्षरांच्या जोड्या जुळलेल्या असतात. जोडी घट्ट असेल तर विषाणू जोमदार, सैल असेल तर दुबळा. जुन्या थेंबात एकच अक्षर बदलले की सैल जोडी घट्ट होई. नव्या विषाणूत जोड्या अशा रचल्या आहेत की घट्ट होण्यासाठी दोन्हीकडची अक्षरे एकाच वेळी बदलावी लागतील. एक चूक होणे सोपे, पण दोन नेमक्या चुका नेमक्या जागी एकदम होणे फार अवघड. दुसरा बदल याहून चतुर आहे. आतड्यातील इतर विषाणूंशी लिपीचे तुकडे अदलाबदल करण्याची पोलिओच्या विषाणूला खोड असते. म्हणून प्रती काढण्यासाठी अत्यावश्यक असलेला एक छोटा तुकडा मधल्या जागेवरून उचलून त्या दुमडलेल्या भागाशेजारी नेऊन ठेवला. आता दुबळा भाग टाकून दुसऱ्याचा सशक्त भाग घ्यायला गेले तर आवश्यक तुकडाही हातचा जातो. तिसरा बदल प्रती काढणाऱ्या यंत्रणेतच केला, ज्यामुळे तिच्या चुका आणि अदलाबदल दोन्ही कमी व्हाव्यात. छापखान्यात मुद्रितशोधक आणता आला नाही, पण खिळे जुळवणारा थोडा सावध केला, असे म्हणा.

कागदावर चांगले दिसले म्हणून ते मुलांना दिले गेले नाही. २०१७ मध्ये बेल्जियममधील अँटवर्प येथे विद्यापीठाच्या आवारात कंटेनरच्या खोल्यांचे एक छोटे गावच उभारले. त्याला गंमतीने ‘पोलिओपोलिस’ म्हणत. दोन तुकड्यांत मिळून ३० निरोगी प्रौढ स्वयंसेवक प्रत्येकी २८ दिवस तेथे बंदिस्त राहिले. दुसऱ्या प्रकाराचा थेंब जगातून काढून टाकलेला असल्याने नव्या विषाणूचा कणही बाहेर जाऊ नये, ही काळजी होती. त्यांच्या विष्ठेतील विषाणूची लिपी तपासली गेली आणि तो मूळपदावर जात नसल्याचे दिसले. मग बालकांवर चाचण्या झाल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तातडीच्या वापरास परवानगी दिली, मार्च २०२१ पासून नायजेरियासारख्या देशांत तो दिला जाऊ लागला आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्यास पूर्ण मान्यता मिळाली. २०२४ पर्यंत शंभर कोटींहून अधिक डोस दिले गेले. इंडोनेशियातील बायो फार्मा या सरकारी मालकीच्या कारखान्याने तो प्रथम मोठ्या प्रमाणावर तयार केला, ही गोष्टही आशियातील आपण लोकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मग सारे निर्दोष झाले काय? नाही. मार्च २०२३ मध्ये जाहीर झाले की काँगो लोकशाही प्रजासत्ताकात सहा आणि बुरुंडीत एक अशी सात मुले या नव्या थेंबातल्याच, पण बिघडलेल्या विषाणूने लुळी पडली. कोट्यवधी डोसांमागे सात, हे जुन्या थेंबापेक्षा पुष्कळच कमी, पण शून्य नव्हे. आणि हेही तेथेच घडले, जेथे फार थोड्या मुलांपर्यंत लस पोचत होती. जनुकांत बदल करून विषाणूची परतीची वाट अरुंद करता येते. ती पुरती बुजवायची तर प्रत्येक घरी जावे लागते, त्याला प्रयोगशाळेत पर्याय नाही.

गाझापट्टीत हेच दिसले. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध सुरू झाले, लसीकरण कोलमडले, सांडपाणी रस्त्यावर आले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये दहा महिन्यांचे एक बाळ लुळे पडले. तेथील २५ वर्षांतला तो पहिला पोलिओ. सप्टेंबरमध्ये लढाईला ठरावीक तासांचा विराम देऊन साडेपाच लाखांहून अधिक मुलांना हेच नवे थेंब पाजण्यात आले. श्रीमंत देशही सुटलेले नाहीत. २०२२ मध्ये लंडन व न्यूयॉर्कच्या सांडपाण्यात दुसऱ्या प्रकारचा बिघडलेला विषाणू सापडला आणि न्यूयॉर्क राज्यात लस न घेतलेला एक तरुण लुळा पडला.

या विद्येची आणखी एक बाजू सांगितली नाही तर आमचे बोलणे एकतर्फी होईल. ज्या हाताने विषाणू दुबळा लिहिता येतो त्याच हाताने तो सबळही लिहिता येतो. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी उंदरांची पैदास रोखणारी लस शोधताना उंदरांच्या देवीच्या विषाणूत एक जनुक घातले. झाले भलतेच, त्या विषाणूने लस दिलेले काही उंदीरसुद्धा मारले. २००२ मध्ये अमेरिकेत एकार्ड विमर यांनी लिपी पाहून पोलिओचा विषाणू प्रयोगशाळेत रसायनांपासून घडवून दाखवला. यातून घाबरून जावे असे नाही, पण अशा कामावर कायद्याची व समाजाची नजर हवी हे त्यातून कळते. आपल्या देशात पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ पासून यासाठी नियम आहेत. प्रत्येक संस्थेत जैवसुरक्षा समिती असावी लागते, तिच्यावर केंद्राच्या समित्या असतात. विज्ञान शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींनी अशा समित्यांच्या खुर्च्यांपर्यंत पोचावे, असे आम्हांला मनापासून वाटते. निर्णय जेथे होतात तेथे आपले कोणी नसेल तर शंका बाहेरच विचारीत राहावे लागते.

मात्र नजर ठेवायची ती योग्य जागी. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातील एका कंपनीच्या थेंबांत काढून टाकलेल्या दुसऱ्या प्रकाराचा अंश सापडला, आणि ते थेंब आपल्या महाराष्ट्रातही आले होते. त्यात कोणी नवे जनुक घातले नव्हते. जुनाच विषाणू जेथे नसायला हवा तेथे राहिला होता. १९५५ चे ते घाणे आणि २०१८ च्या या कुप्या यांत ६३ वर्षांचे अंतर आहे, पण चूक एकाच जातीची आहे. “जनुक बदलले आहे का” यापेक्षा “हा घाणा कोणी तपासला” हा प्रश्न आमच्या मते अधिक मोलाचा आहे.

कोविडच्या काळात पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली कोविशील्ड आपण पुष्कळांनी घेतली. ती याच विद्येची वेगळी शाखा. चिंपांझीच्या सर्दीच्या विषाणूतून वाढीस लागणारे जनुक काढून टाकले व कोरोनाच्या काट्याचे जनुक घातले. हा विषाणू शरीरात वाढूच शकत नसल्याने परत फिरण्याचा प्रश्न तेथे नव्हता. रक्ताच्या गुठळ्यांचा एक फार विरळ त्रास तिच्यामुळे होऊ शकतो हे पुढे दिसून आले. तेही लोकांना आधी व सरळ भाषेत सांगितले असते तर नंतरचा गोंधळ कमी झाला असता.

आता आपल्यापुरते. आपल्या नात्यागोत्यात ऊसतोडीला, वीटभट्टीवर, बांधकामावर जाणारी कुटुंबे आहेत. सहा महिने एका जिल्ह्यात, सहा महिने दुसऱ्या. त्यांची बाळे गावच्या यादीतही नसतात आणि कामाच्या जागीही नसतात. हैतीपासून काँगोपर्यंत ज्या मुलांविषयी आम्ही बोललो, त्यांच्यासारखी हीच. मंडळाच्या तरुणांनी टोळ्या निघण्याआधी पाच वर्षांखालील मुलांची यादी करावी, आणि टोळी जेथे उतरेल तेथील आरोग्य केंद्रास ती कळवावी.

सभेआधी काही भगिनींनी विचारले म्हणून सांगतो. आपल्याकडे नेहमीच्या लसीकरणात पोलिओचे थेंब जन्मतः, सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि दीड वर्षाच्या सुमारास मिळतात. टोचायची लस सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात, सर्व सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळते. ज्या नव्या थेंबाविषयी आम्ही इतके बोललो तो दुसऱ्या प्रकाराचा असून उद्रेकाच्या ठिकाणी वापरतात, आपल्या नेहमीच्या डोसांत तो नाही. पहिल्या व तिसऱ्या प्रकाराचेही असेच नवे थेंब घडवून त्यांच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत. एखादा डोस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही, राहिलेले डोस पुढे देता येतात, आणि थेंब पाच वर्षांपर्यंत देता येतात. गावाहून आलेल्या बाळाचे कार्ड हरवले असले तरी त्याला केंद्रावर घेऊन जावे. कार्ड तेथे नवे मिळते.